खोक्यावर ‘ओआरएस’ लिहिलं म्हणून ते ओआरएस होत नाही : मुलांच्या उलट्या आणि लेबलचा वाद

१४ ऑक्टोबर २०२५ रोजी भारतीय अन्न सुरक्षा आणि मानके प्राधिकरणाने, म्हणजे ‘एफएसएसएआय’ने, एक छोटा आदेश काढला. जे पेय जागतिक आरोग्य संघटनेच्या सूत्राप्रमाणे बनवलेलं नाही, त्याच्या नावात ‘ओआरएस’ ही अक्षरं वापरता येणार नाहीत, असा तो आदेश. नावाच्या आधी काही जोडून नाही, नंतर काही जोडून नाही, ब्रँडच्या नावात गुंफूनही नाही. बातमी दोन दिवस गाजली आणि मागे पडली. पण घरात दोन-तीन वर्षांचं मूल असेल, तर ही बातमी थेट तुमच्या घरातली आहे. कारण मूल रात्री उलट्या करू लागलं की तुमच्यापैकी कुणीतरी मेडिकलमध्ये जाऊन म्हणतं, “ओआरएस द्या.” मग हातात काय पडतं, हा या सगळ्या वादाचा मुद्दा आहे.

नेमकं काय घडलं?

बाजारात गेली काही वर्षं रंगीत टेट्रापॅकमधली फळांच्या चवीची पेयं मिळतात. संत्रं, सफरचंद, लिंबू अशा चवी आणि नावात कुठेतरी ‘ओआरएस’. ही पेयं औषध म्हणून नव्हे, तर खाद्यपदार्थ म्हणून परवाना घेऊन विकली जात होती. मात्र ती ठेवलेली असत मेडिकलच्या काउंटरवर, औषधांच्या शेजारी.

याविरुद्ध आवाज उठवणाऱ्यांत हैदराबादच्या बालरोगतज्ज्ञ डॉ. शिवरंजनी संतोष यांचं नाव सर्वांत आधी घ्यावं लागेल. जवळपास आठ वर्षं त्या हा विषय लावून धरत होत्या. सरकारी कार्यालयांना पत्रं लिहून झाली, समाजमाध्यमांवर बोलून झालं, शेवटी तेलंगणा उच्च न्यायालयात जनहित याचिकाही झाली. ८ एप्रिल २०२२ रोजी प्राधिकरणाने अशा नावांना मनाई केली. पण तीन महिन्यांतच, १४ जुलै २०२२ ला, ती सैल झाली. ‘हे पेय जागतिक आरोग्य संघटनेने शिफारस केलेलं ओआरएस नाही’ अशी सूचना खोक्यावर छापा आणि नाव ठेवा, अशी मुभा मिळाली. फेब्रुवारी २०२४ मध्ये त्या सूचनेबद्दल आणखी एक आदेश निघाला. ऑक्टोबर २०२५ च्या आदेशाने या दोन्ही सवलती मागे घेतल्या.

कंपन्या दिल्ली उच्च न्यायालयात गेल्या. एका कंपनीला काही दिवसांचा तात्पुरता दिलासा मिळाला. दुसऱ्या कंपनीच्या याचिकेवर न्यायालयाने ३१ ऑक्टोबरला दिलासा द्यायला नकार दिला. नोव्हेंबरमध्ये प्राधिकरणाने राज्यांना कळवलं, की असा माल दुकानांतून आणि ऑनलाइन विक्रीतून काढून टाका.

आता तुम्ही विचाराल, इतका गदारोळ कशासाठी? थोडी जास्त साखर असलेलं सरबतच तर आहे. मूल आवडीने पितं, पोटात काहीतरी जातं. मग बिघडलं कुठे?

मीठ, साखर आणि आतड्यातला दरवाजा

उलट्या-जुलाबात शरीरातून फक्त पाणी जात नाही. सोडियम, पोटॅशियम असे क्षारही जातात. नुसतं पाणी पाजलं तर ते क्षार भरून येत नाहीत.

निसर्गाने यावर एक सोय केलेली आहे. लहान आतड्याच्या पेशींवर असा एक दरवाजा आहे, की ज्यातून ग्लुकोज आणि सोडियम हातात हात घालून आत शिरतात. ते आत गेले की पाणी त्यांच्या मागोमाग जातं. जुलाब चालू असतानाही हा दरवाजा बहुतेक वेळा शाबूत असतो. ओआरएसचं सगळं शास्त्र या एका गोष्टीवर उभं आहे. साखर इथे चवीसाठी किंवा ‘ताकदीसाठी’ नसते. ती मीठ आणि पाणी आत ओढून नेणारी सोबतीण असते.

म्हणून प्रमाण महत्त्वाचं. सध्याचं सूत्र २००२ पासूनचं आहे. एक लिटर पाण्यात मीठ (सोडियम क्लोराइड) २.६ ग्रॅम, ग्लुकोज १३.५ ग्रॅम, पोटॅशियम क्लोराइड १.५ ग्रॅम आणि ट्रायसोडियम सायट्रेट २.९ ग्रॅम. एकूण २०.५ ग्रॅम. यात ग्लुकोज आणि सोडियम बरोबरीच्या मात्रेत येतात.

आता दुसरी बाजू पाहा. वादात सापडलेल्या काही पेयांमध्ये लिटरमागे १०० ग्रॅमहून जास्त साखर असल्याचं बालरोगतज्ज्ञांनी दाखवून दिलं होतं. लिटरला १०० ग्रॅम म्हणजे २०० मिलीच्या छोट्या खोक्यात २० ग्रॅम, म्हणजे चार-पाच चमचे साखर. खऱ्या ओआरएसच्या तेवढ्याच पेल्यात ग्लुकोज असतं २.७ ग्रॅम, म्हणजे जेमतेम अर्धा-पाऊण चमचा.

आतड्यात इतकी साखर एकदम उतरली की ती सगळी शोषली जात नाही. उरलेली साखर शरीरातलं पाणी आतड्याकडे खेचते. जुलाब आणखी पातळ होतात आणि मूल आणखी सुकतं. क्षार तर पुरेसे मिळालेलेच नसतात. घरच्यांना मात्र वाटत राहतं, की आपण सकाळपासून ओआरएस पाजतोय, तरी याला बरं का वाटत नाही? त्या भरवशावर दवाखान्यात यायला अर्धा दिवस उशीर होतो. माझ्या मते या लेबलचं सर्वांत मोठं नुकसान हे खोट्या भरवशाचं आहे, साखरेचं त्यानंतर.

‘बारीक अक्षरात लिहिलं होतं की’

कंपन्यांची बाजू अशी, की आम्ही सूचना छापली होती, ग्राहकाने वाचायला हवी होती. हा युक्तिवाद कागदावर ठीक वाटतो. पण रात्री अकरा वाजता, कडेवर ओकणारं मूल घेऊन मेडिकलच्या काउंटरवर उभ्या असलेल्या माणसाने इंग्रजीतली बारीक ओळ वाचावी ही अपेक्षा कुणालाच मनापासून पटणार नाही. मोठ्या अक्षरात ‘ओआरएस’ आणि बारीक अक्षरात ‘हे ओआरएस नाही’ असं एकाच खोक्यावर असेल, तर लोक मोठं अक्षरच वाचणार.

दुसरा मुद्दा जास्त प्रामाणिक आहे, म्हणून तो टाळू नये. ओआरएसची चव मुलांना आवडत नाही. मूल तोंड फिरवतं, थुंकतं, घरातली आजी म्हणते, “राहू दे, त्यापेक्षा सरबत दे.” किरकोळ आजारात घरच्या पेयांनी भागतं, हेही खरं आहे. २०१६ साली कॅनडातला एक चांगला अभ्यास प्रसिद्ध झाला. सहा महिने ते पाच वर्षांच्या ज्या मुलांना सौम्य गॅस्ट्रो होता आणि शरीरातलं पाणी फारसं कमी झालेलं नव्हतं, त्यांना निम्मं पाणी घातलेला सफरचंदाचा रस आणि त्यानंतर त्यांची आवडती पेयं दिली, तर ती ओआरएसवर ठेवलेल्या मुलांपेक्षा मागे पडली नाहीत.

मग टेट्रापॅकवाले बरोबर होते का? नाही. तो रस निम्मा पातळ केलेला होता. मुलं सौम्य आजारी होती, डॉक्टरांनी तपासून निवडलेली होती, मोठा दवाखाना हाताशी होता. आणि त्या रसाला कुणी ‘ओआरएस’ म्हटलं नव्हतं. मूल सुकायला लागलं, जुलाब पाण्यासारखे व्हायला लागले, की रसाचा आणि सरबताचा उपयोग संपतो. तिथे योग्य प्रमाणातली जलसंजीवनीच लागते.

तिची ताकद या देशाने पाहिलेली आहे. १९७१ च्या बांगलादेश युद्धात पश्चिम बंगालमधल्या बनगाव इथल्या निर्वासितांमध्ये कॉलरा पसरला. सलाईनच्या बाटल्या संपत आल्या, तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ, ग्लुकोज आणि खाण्याचा सोडा यांचं पाणी पिंपांत भरून नातेवाइकांच्या हाती दिलं. छावणीतलं मृत्यूचं प्रमाण सुमारे ३० टक्क्यांवरून ४ टक्क्यांच्या खाली आलं. २०२३ साली त्यांना मरणोत्तर पद्मविभूषण जाहीर झालं. पाजणारे हात घरच्याच माणसांचे होते, हे या गोष्टीतलं मला सर्वांत महत्त्वाचं वाटतं.

“पण पोटात टिकतच नाही, डॉक्टर!”

हे वाक्य दवाखान्यात रोज ऐकू येतं. त्यामागोमाग दुसरं येतं, “सलाईनच लावा.” बहुतेक वेळा अडचण ओआरएसची नसते, पाजण्याच्या पद्धतीची असते. तहानलेलं मूल एका दमात अर्धा पेला पितं, सुजलेलं पोट ते लगेच बाहेर फेकतं, आणि आपण म्हणतो, याला पाणीसुद्धा पचत नाही.

उलटी झाल्यावर दहा मिनिटं थांबा. मग चहाच्या चमच्याने, एक चमचा दर एक-दोन मिनिटांनी द्या. बाटली नको, पेला नको. सुईविना सिरिंज असेल तर तिनेही गालाच्या आतल्या बाजूला पाच-पाच मिली सोडता येतं. पुन्हा उलटी झाली तर पुन्हा दहा मिनिटं थांबा आणि सुरू करा. उलटीत प्यायलेलं सगळं बाहेर पडत नाही, बरंचसं पुढे सरकलेलं असतं.

चमच्याचं हे पाणी पुरतं का? हिशेब करून पाहू. १० किलोचं मूल मध्यम सुकलं असेल, तर त्याला चार तासांत किलोमागे ७५ मिली, म्हणजे ७५० मिली ओआरएस लागतं. तासाला साधारण १९० मिली. पाच मिलीचा चमचा दर दीड मिनिटाला दिला, तर तासात २०० मिली होतात. म्हणजे नीट पाजलं तर चमचा सलाईनच्या बाटलीची बरोबरी करतो. फक्त त्यासाठी कुणीतरी बसून राहावं लागतं. आई थकली की बाबांनी, बाबा थकले की आजीने. मात्र इतकं सुकलेलं मूल डॉक्टरांना दाखवून, त्यांच्या देखरेखीखालीच भरून काढायचं असतं. मूल सुस्त नसेल आणि फक्त जुलाब-उलट्या चालू असतील, तर दर पातळ शौचानंतर दोन वर्षांखालच्या मुलाला ५० ते १०० मिली, आणि दोन वर्षांवरच्याला १०० ते २०० मिली पुरतं.

अंगावरचं दूध बंद करू नका. मूल मागेल तसं मऊ खाणंही चालू ठेवा. पेज, मऊ भात-वरण, ताक, केळं, जे त्याला रोज पचतं ते. “पोटाला आराम” म्हणून दिवसभर उपाशी ठेवल्याने मूल अशक्त होतं, आजार लवकर जात नाही. आणि दात येताना उलट्या-जुलाब होणारच, असं म्हणून वाट पाहू नका. त्या वयात मूल दिसेल ते तोंडात घालतं, जंतू तिथून जातात.

उलटी थांबवणारं औषध मागच्या वेळचं उरलं आहे म्हणून देऊ नका. त्याचा डोस वजनावर ठरतो. डॉक्टर गरज पाहून बहुधा एखादाच डोस देतात, तोही ओआरएस पोटात टिकावं म्हणून. जुलाब असतील तर झिंकचं औषध १४ दिवस पूर्ण द्यायचं असतं, जुलाब तिसऱ्या दिवशी थांबले तरी.

खरं ओआरएस कसं ओळखायचं?

पाकीट उलटं करा. त्यावर सोडियम क्लोराइड २.६, ग्लुकोज १३.५, पोटॅशियम क्लोराइड १.५ आणि सायट्रेट २.९ हे आकडे दिसले पाहिजेत. छोटं पाकीट २०० मिलीचं असेल तर त्याच प्रमाणात कमी. तयार द्रवरूप ओआरएसही या सूत्राचं मिळतं, ते चालतं. ब्रँड कोणता, याला महत्त्व नाही. ‘एफएसएसएआय’चं चिन्ह आणि १४ आकडी परवाना क्रमांक दिसला, तर समजा की ती वस्तू खाद्यपदार्थ म्हणून विकली जाते आहे. घटकांच्या यादीत फळांचा रस, साखर, स्वाद, गोडवा आणणारे पदार्थ दिसले तर ते पेय बाजूला ठेवा. ग्लुकोज पावडर म्हणजेही ओआरएस नव्हे, तिच्यात मिठाची बाजूच लंगडी असते.

इथेच सावध राहायचं. बंदी नावावर आहे, पेयावर नाही. तेच पेय नवं नाव घेऊन, जुन्याच रंगाच्या खोक्यात पुन्हा मांडणीवर येऊ शकतं. म्हणून मेडिकलमध्ये “ओआरएस द्या” एवढंच म्हणू नका. “जागतिक आरोग्य संघटनेच्या सूत्राचं ओआरएस द्या” असं म्हणा आणि पाकीट उलटून पाहा. गावात असाल तर आशाताईंकडे, अंगणवाडीत किंवा आरोग्य उपकेंद्रात विचारा, ओआरएसची पाकिटं तिथे मोफत मिळतात.

मोठं पाकीट पूर्ण एक लिटर पाण्यातच एकदम मिसळा. थोडी पावडर अर्ध्या पेल्यात, असं अंदाजाने करू नका. पाणी कमी पडलं तर मीठ जास्त होतं आणि ते लहान मुलाला घातक ठरू शकतं. वरून साखर घालू नका, दुधात किंवा रसात मिसळू नका, मिसळल्यावर उकळू नका. २४ तासांनी उरलेलं फेकून द्या. पाकीट मिळतच नसेल तर एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ घालून तात्पुरतं भागवा. चाखून पाहा, डोळ्यांतल्या पाण्यापेक्षा ते खारट लागता कामा नये.

ओआरएसने भागणार नाही, तेव्हा

प्रत्येक उलटी गॅस्ट्रोची नसते. पुढचं काहीही दिसलं, तर चमचा-पेला बाजूला ठेवून सरळ दवाखाना गाठा.

- उलटी हिरवी असेल किंवा तिच्यात रक्त असेल. नवजात बाळाची हिरवी उलटी म्हणजे आतड्याला पीळ पडलेला असू शकतो, तिथे तासांचा हिशेब असतो.
- सहा ते आठ तासांत लघवी झाली नाही, डोळे खोल गेले, रडताना पाणी येत नाही, टाळू खोल गेली.
- मूल सुस्त आहे, हाक मारल्यावर पाहत नाही, किंवा काहीच पीत नाही.
- बाळ तीन महिन्यांहून लहान आहे. त्यातही दोन ते आठ आठवड्यांचं बाळ प्रत्येक दुधानंतर जोराने, लांबवर उलटी करत असेल आणि वजन वाढत नसेल.
- पोट फुगलं आहे, मूल थांबून थांबून कळवळून रडतं, शौचातून रक्त-शेंब पडते.
- डोक्याला मार लागल्यानंतर उलट्या सुरू झाल्या, किंवा रोज सकाळी उठल्याबरोबर डोकेदुखी आणि उलटी होते.
- उलट्या होत असूनही लघवी खूप होते, तहान भागत नाही, वजन उतरलं आहे. हा लहानपणीच्या मधुमेहाचा पहिला झटका असू शकतो.

लघवीकडे लक्ष ठेवा, असं मी पुन्हा सांगतो. २०२५ च्या सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये मध्य प्रदेशातल्या छिंदवाड्यात विषारी डायएथिलीन ग्लायकॉल मिसळलेल्या खोकल्याच्या औषधाने लहान मुलांचे बळी गेले. त्यातल्या अनेक मुलांना उपचारांसाठी नागपूरला आणलं होतं. उलट्या आणि बंद झालेली लघवी ही त्या आजाराची लक्षणं होती. कोणतंही औषध घेतल्यानंतर मूल ओकू लागलं आणि लघवी कमी झाली, तर ती बाटली सोबत घेऊनच डॉक्टरांकडे या.

दुसरा गट अशा मुलांचा, ज्यांना महिन्या-दोन महिन्यांनी पुन्हा पुन्हा उलट्या होतात. चार-सहा महिन्यांचं बाळ दूध प्यायल्यावर थोडं ओकतं, हसत-खेळत असतं, वजन वाढतं, तर काळजी नको. बहुतेक बाळांचं ते वर्ष-दीड वर्षात थांबतं. पण तीन-चार वर्षांचं मूल ठरावीक काळाने, एकाच पद्धतीने, तासन्‌तास ओकत राहतं आणि मधल्या काळात अगदी ठणठणीत असतं, तर तो ‘सायक्लिक व्हॉमिटिंग’ हा वेगळा आजार असू शकतो. अशा घरांत अर्धशिशीचा इतिहास बरेचदा सापडतो. लघवीतला जंतुसंसर्ग, गाईच्या दुधातल्या प्रथिनांची ॲलर्जी, जोराच्या खोकल्याबरोबर होणारी उलटी, ही कारणंही तपासावी लागतात. दर वेळी ‘गॅस्ट्रो झाला’ म्हणून ओआरएस देत राहिलं, तर मूळ कारण मागे पडतं. एका वहीत तारीख, वेळ, त्याआधी काय खाल्लं, किती वेळा ओकलं आणि किती तास चाललं एवढं लिहा. मला महागड्या तपासण्यांपेक्षा ही वही कितीतरी वेळा जास्त सांगून जाते.

नावापलीकडचं काम

हा आदेश चांगला आहे, उशिराचा आहे आणि अपुरा आहे. तो टिकेल की नाही, हे मांडणीवर काय दिसतं यावरून कळेल. अन्न व औषध प्रशासनाने दुकानं तपासली पाहिजेत, डॉक्टरांनी चिठ्ठीवर नुसतं ‘ओआरएस’ न लिहिता सूत्र आणि पाण्याचं माप लिहिलं पाहिजे, आणि मेडिकलवाल्यांनी औषधाच्या कपाटात सरबत ठेवणं बंद केलं पाहिजे. एखाद्या दुकानात जुन्या नावाचा माल दिसला तर अन्न व औषध प्रशासनाकडे तक्रार करता येते, ती करा.

तुमच्या वाट्याचं काम त्याहून सोपं आहे. बाळाला रोटाव्हायरसची लस सहाव्या, दहाव्या आणि चौदाव्या आठवड्याला मिळाली का, ते लसीकरण कार्डावर पाहा. २०१९ पासून ती देशभरात सरकारी केंद्रांवर मोफत दिली जाते. आणि आज बाजारात जाल तेव्हा खऱ्या ओआरएसची दोन पाकिटं आणून औषधाच्या डब्यात ठेवा, सोबत एक लिटरच्या मापाची बाटली. उलट्या रात्री सुरू होतात, तेव्हा पाकीट उलटून वाचायला कुणाला सवड नसते. ते वाचून झालेलं असलेलं बरं.